पवारणीची पिशवी

देवळाच्या दारापर्यंत यायचं आणि आत पाऊल टाकायचं नाही, ही कुठली रीत? वृंदावनात तिसऱ्या देवळाबाहेरही पवारीण चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसली, तेव्हा माझं डोकं सटकलं.

“ऊठ,” मी म्हणाले. “आरती सुरू झालीया.”

“तुमी जाऊन या, आक्का. मी चपला बघते.”

“चपला बघायला हितं पगारी माणूस हाय. तुला काय चपला राखायला आणलीया व्हय मी?”

ती नुसती हसली. मांडीवरची तांबड्या चौकड्याची पिशवी तिनं पोटाशी ओढली आणि समोरच्या माकडांकडं बघायला लागली. मी आत गेले, पण आरतीत मन लागलं नाही. देवासमोर हात जोडून उभी होते आणि डोक्यात पवारीण.

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. तालुक्याच्या गावातनं पोपटराव दरवर्षी दिवाळी झाली की यात्रेची बस काढायचा. उज्जैन, आग्रा, मथुरा-वृंदावन, दिल्ली, हरिद्वार. गाडीच्या टपावर सामान, मागं आचारी आणि त्याचे डबे-पातेली. त्या वर्षी आमच्या आळीतनं आम्ही चौघी निघालो. मी, हौसा, शेवंता आणि पवारीण. हौसा दिसेल ते विकत घेणारी. शेवंता गाडी सुटली की लिंबू नाकाला लावून डोळे मिटणारी. आणि पवारीण माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी, चाळीस वर्षांपासनंची शेजारीण. तिचा नवरा लवकर गेला. दोन वर्षांपूर्वी एकुलता एक पोरगा काविळीनं गेला. तेव्हापासनं ती दाराबाहेर निघायची बंद झाली होती. म्हणून मीच तिला यादीत घातलं. तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

मी तशीच आहे. माझी शाळा चौथीत सुटली, पण घरात तेवीस माणसं जेवतात आणि माझ्या शब्दाशिवाय चूल पेटत नाही. आळीत लग्न ठरायचं असो, भांडण मिटायचं असो, आक्काला विचारा म्हणतात. गाडी निघाली त्या सकाळीही मी पायरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकवलं होतं, “हे बघा, आपून देवाच्या वाटेला निघालोय. गाडीत रडगाणं नको, दुखणं-खुपणं नको. आन् कुणाला सुतक-विटाळ असला तर आत्ताच खाली उतरा. वाटेत कळलं तर मी उतरवीन, मग माझी सख्खी भैन का असंना.”

पोपटराव म्हणाला, “आक्का, गाडी माझी हाय का तुमची?” सगळे हसले. पवारीण हसली नाही. खिडकीपाशी बसून ती पिशवीचे बंद खिडकीच्या गजाला बाहेरच्या अंगानं बांधत होती.

“आत ठेव की,” मी म्हणाले. “वाऱ्यानं जाईल.”

“न्हाय जायाची. हात हाय माझा.”

आणि खरंच, आग्र्यापर्यंत तिचा एक हात खिडकीबाहेर होता.

आग्र्याला ती ताजमहालाच्या दारातनं मागं फिरली आणि रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसली. जगातनं माणसं येतात तो बघायला, आणि ही झाडाखाली. शेवंता म्हणाली, “आक्का, आत कबर हाय म्हणून आली नसंल.”

“मग उज्जैनला देवळाबाहेर बसली, तिथं काय कबरी हुत्या?”

 मुक्काम असेल तिथं पवारीण पिशवी खोलीत आणायची नाही. अंगणात झाड असलं तर झाडाला, नाहीतर खिडकीच्या गजाला बाहेरनं. पोपटराव चेष्टा करायचा, “मावशी, पिशवीला हवा खायला सोडलीय काय?” हौसाचं म्हणणं होतं, आत सोनं असणार. मी म्हणाले, सोनं कुणी झाडाला टांगतं व्हय? मला वेगळीच शंका होती. आमच्याकडं तेव्हा एका बाबाचं बरंच प्रस्थ झालं होतं. त्याचे भक्त झालेली माणसं घरातले देव नदीला सोडून यायची आणि देवळाच्या वाटेला जायची नाहीत. पोरगं गेल्यावर बाई एकटी पडली, आणि कुणीतरी तिला त्या नादाला लावलं, अशी माझी खात्री झाली. माझ्या भिंतीपलीकडं एवढं घडावं आणि मला कळू नये, ह्याचा राग जास्त होता.

हरिद्वारला आम्ही संध्याकाळी पोचलो. धर्मशाळेच्या अंगणात कडुनिंब होता. पवारणीनं पिशवी त्याला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी अंगणात आले. पिशवी फांदीला लोंबत होती. मी तिचे बंद सोडले. पिशवी हलकी होती. आत काहीतरी लहान, गोल, डबीसारखं हाताला लागलं. उघडून बघायचा मोह झाला, पण तेवढी हलकी मी नव्हते. मी पिशवी खोलीत नेली आणि जिथं आचाऱ्यानं देवांच्या तसबिरी मांडल्या होत्या, त्या फळीवर ठेवली. म्हटलं, बघू आता काय करती ती.

ती ओल्या केसांनी आली. तिनं झाडाकडं बघितलं, मग दारातनं आत बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

“आक्का, कुणी ठेवली ती तिथं?”

“मी ठेवली. देवाजवळ ठेवली, काय चुलीत घातली न्हाय.”

तिनं झेप घेऊन पिशवी काढली. देवांच्या तसबिरी हलल्या, एक उपडी पडली. मी तिचा हात धरला.

“काय हाय गं त्यात एवढं?”

“हात काढा, आक्का.”

“आधी सांग.”

“हात काढा म्हनते ना.”

चाळीस वर्षांत तिनं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. हौसा, शेवंता, आचारी, शेजारच्या खोलीतली माणसं, सगळे बघत होते. मला ते लागलं. मी हात सोडला आणि म्हणाले, “एवढीच जिवाला लागती तर जा घेऊन पिशवी. देव चालंना, देऊळ चालंना, मग आमच्यात कशाला आलीस? बस जाऊन तिला घिऊन, कुठं बसायचं तिथं.”

 पिशवी घेऊन ती अंगणात गेली. मी पडलेली तसबीर उचलून पुसली आणि फळीवर लावली.

नऊ वाजता सगळे घाटावर निघाले. मी मुद्दामच मागं वळून बघितलं नाही. घाटावर गर्दी होती. डबे विकणारे, फुलांचे द्रोण विकणाऱ्या बायका, पंडे. पाणी असं धावत होतं की बघूनच पाय मागं यावा. आंघोळ करणारी माणसं पायऱ्यांना लावलेल्या साखळ्या धरून बुडी मारत होती. मी साखळी धरून तीन बुड्या मारल्या. पाणी हाडात शिरलं. बाहेर येऊन लुगडं बदलेपर्यंत दात वाजत होते.

“पवारीण कुठाय?” शेवंतानं विचारलं.

“आली असंल मागनं.”

“न्हाय आली. मी वळूनवळून बघत हुते.”

हौसा गंगाजलाचे डबे निवडत होती. ती म्हणाली, “मला वाटलं, तुमच्या मागं हाय.”

“माझ्या मागं कशाला असंल? माझ्याशी भांडून गेली न्हवं.”

 मी पाण्याकडं बघितलं. एका बाईच्या हातातनं तांब्या सुटला होता. तो दोनदा वर-खाली झाला आणि गेला. कुठं गेला ते कळलंसुद्धा नाही.

धर्मशाळेत माणूस पाठवलं. पवारीण तिथं नव्हती, कडुनिंबाला पिशवी नव्हती. पोपटराव घाटाच्या एका बाजूला गेला, आम्ही दुसऱ्या. तिच्यासारखं लुगडं दिसेल त्या प्रत्येक बाईमागं मी धावले. एका बाईचा खांदा धरून फिरवली, ती राजस्थानी निघाली. पंड्यांना विचारलं, फुलवाल्यांना विचारलं. “माताजी, ऐसी तो हजार आती हैं,” एकजण म्हणाला. मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं.

शेवंता मागनं येत होती आणि हळू आवाजात म्हणाली, “आक्का, पोरगा गेल्यापासनं ती काय जेवायची, काय न्हाय, कुणाला ठावं. पाण्याच्या गावाला आणायलाच नको हुती.”

“तोंड मिट.”

“मी आपलं म्हनते.”

“मिट म्हनले ना.”

पण माझ्या कानात सकाळचेच शब्द होते. बस जाऊन तिला घिऊन, कुठं बसायचं तिथं. ती कधी माझा शब्द मोडत नव्हती. मी सांगितलं म्हणून ती यात्रेला आली होती. आता मी सांगितलं म्हणून कुठं गेली असेल?

घाटावर हरवलेल्या माणसांची चौकी होती. टेबल, वही, भोंगा. एक चष्मेवाला म्हातारा बसला होता. त्यानं पोपटरावाचं ऐकून घेतलं आणि पेन उघडलं.

“नाम?”

पोपटरावनं खिशातली यादी काढली, उलगडली आणि माझ्याकडं बघितलं. “आक्का, ह्यात नुसतं ‘पवारीण’ लिहिलंय.”

“मग?”

“तुमीच सांगितलीती यादी. हौसाबाई, शेवंताबाई, पवारीण. मी लिहून घेतलं.”

“पूरा नाम, माताजी,” म्हातारा म्हणाला. “नाम बोलिए.”

 चाळीस वर्षं. तिच्या पोराच्या बारशाला पाळण्याची दोरी मी धरली होती. तिच्या नवऱ्याच्या मातीला मी तिच्याशेजारी बसले होते. तिच्या भाकरीला कुठलं पीठ लागतं ते मला ठाऊक, तिचा कुठला गुडघा दुखतो ते ठाऊक. आणि नाव? मी हौसाकडं बघितलं. हौसानं शेवंताकडं बघितलं. लग्न होऊन आली तेव्हा आळीनं तिला कोंडिबाची बायको म्हटलं. पोरगं झालं तेव्हापासनं पोराची आई म्हटलं. पोरगं गेल्यावर पवारीण. नावाची कुणाला कधी गरजच पडली नव्हती.

म्हातारा पेन धरून बसला होता. पोपटराव माझ्याकडं बघत होता. मी, आळीतल्या प्रत्येक घराच्या तीन पिढ्या तोंडपाठ असलेली बाई, मी म्हणाले, “पार्वती. पार्वती पवार.”

शेवंतानं माझ्याकडं डोळे फाडून बघितलं.

भोंग्यातनं आवाज निघाला. पार्वती पवार, महाराष्ट्र से आई हुई पार्वती पवार, जहाँ भी हों, चौकी पर आएँ. पाच मिनिटांनी पुन्हा. दहा मिनिटांनी पुन्हा. अर्ध्या तासानं एक बाई धापा टाकत आली. माझ्या जिवात जीव आला, पण ती नागपूरकडची कुणी पार्वती होती. तिला वाटलं, नवऱ्याला काही झालं. ती रडायलाच लागली. मग तिच्या मागनं आणखी एक पार्वती आली, ती नाशिकची, आणि तिनं मलाच झाडलं, “तुमच्या बाईचं धड नाव-गाव सांगता येत नाही का? माझा पाय मुरगळला धावताना.”

पोपटरावनं घड्याळ बघितलं. “आक्का, दोनला गाडी हलवावी लागती. तिथं उभी करू देत न्हाईत.”

“गाडी हलवलीस तर चाकाखाली झोपीन मी.”

“तसं न्हवं. पोलिसात कळवायचं का, तेवढं सांगा. आन् खालच्या अंगाला, धरणापाशी... तिथं जाळी असती म्हनत्यात.”

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मी खुर्चीचा हात धरला. साडेबारा होत आले होते. म्हातारा पुन्हा भोंग्याकडं वळला, पार्वती पवार म्हणायला.

“थांबा,” मी म्हणाले. “वो नाम नहीं है.”

“क्या?”

“मेरे को उसका नाम मालूम नहीं.”

माझ्या आयुष्यात एवढ्या माणसांसमोर हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन, कुठल्याही बाबतीत. म्हाताऱ्यानं चष्मा काढला. रागावला नाही. माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “आप लोग उसको बुलाते क्या हो?”

काय म्हणून हाक मारता. मी काय सांगणार? एक हाक होती. ती माझ्या जिभेवर अठ्ठावीस वर्षं होती, आणि दोन वर्षांपूर्वी मीच ती बंद केली होती. तिच्या पोराच्या तेराव्याला आळीतल्या सगळ्या बायका माझ्या घरी सोप्यात गोळा करून मी सांगितलं होतं, आजपासनं तिला त्या नावानं हाक मारायची नाही. पोराचं नाव कानावर पडलं की बाईची जखम उघडी पडती. माझा शब्द सगळ्यांनी पाळला. कुणी चुकून बोललं तर मी डोळे वटारायची. मला वाटायचं, मी तिच्यावर मायाच करतेय.

“मुझे बोलने दो,” मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं भोंग्यात बोलायची दांडी माझ्यापुढं धरली. हौसानं माझा पदर ओढला, “आक्का, ते नाव नगा घेऊ.” मी तिचा हात झटकला.

“विलासची आई,” मी म्हणाले.

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. तो पाण्यावरनं गेला, पलीकडच्या घाटावर आपटला आणि परत आला. माणसं वळून बघायला लागली.

“विलासची आई, असशील तितनं ये. मी आक्का बोलती. विलासची आई.”

मग मी दांडी परत दिली.

कुणी आलं नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग मी उठले आणि पाण्याच्या कडेनं, पाणी जातं त्या अंगाला, चालायला लागले. शेवंता मागं यायला निघाली. तिला म्हणाले, “तू हितंच थांब, ती आली तर?” खरं म्हणजे जे दिसेल ते तिनं बघू नये, असं वाटत होतं.

गर्दी संपली. पायऱ्या रिकाम्या झाल्या. इथं आंघोळीला कुणी नव्हतं. एक साधू कपडे वाळत घालत होता, आणि पुढं घाटाच्या कडेला एक पिंपळ होता.

पिंपळाच्या खालच्या फांदीला तांबड्या चौकड्याची पिशवी होती.

मी धावले. ह्या वयात मी धावेन असं मला वाटलं नव्हतं. पिशवी वाऱ्यानं हलत होती, रिकामी. बुंध्यापाशी तिच्या चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या.

तिथं, त्या रिकाम्या पिशवीला हात लावल्यावर, मला समजलं. आमच्याकडं झाडाला काय टांगतात हे मला का कुणी शिकवायचं होतं? माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राख सावडून फडक्यात बांधून आणतात. ते फडकं घरात आणत नाहीत. नदीला नेईपर्यंत घरामागच्या परड्यातल्या झाडाला बांधून ठेवतात. ते घेऊन देवळात शिरत नाहीत. तिच्या परड्यातल्या शेवग्याला दोन वर्षं एक डबी टांगलेली मी रोज भिंतीवरनं बघत होते. मला वाटायचं, चिमण्यांना दाणे ठेवते. आणि आज सकाळी ती डबी मी माझ्या हातानं देवांच्या फळीवर नेऊन ठेवली होती.

“विलासची आई,” मी ओरडले.

“हितं हाय,” खालनं आवाज आला.

ती पाण्यात होती. चौथ्या पायरीवर, कंबरेइतक्या पाण्यात. डाव्या हातानं साखळी धरलेली. उजवी मूठ मिटून छातीशी. ओठ निळे पडले होते आणि अंग थडथडत होतं. पाणी तिला ओढत होतं आणि ती तशीच उभी होती.

“वर ये.”

“येता येईना.”

“मग थांब तिथं. हलू नगस.”

मी अंगावरच्या कोरड्या लुगड्यानिशी पायऱ्या उतरले. साखळी धरून तिच्यापाशी गेले. पाण्यानं माझे पाय उचलल्यासारखे झाले. मी तिचा दंड धरला.

“किती वेळ झाला उभी हाईस?”

“सकाळपासनं पायरीवर बसले हुते. धीर हुईना. मग डबी उघडली, पाण्यात उतरले. डबी गेली वाहून. हातात घेतलं आन् सोडनारच, तवा वरनं त्याचं नाव आलं.” ती माझ्याकडं बघत नव्हती, पाण्याकडं बघत होती. “तीनदा आलं. दोन वर्सांत कुनी त्याचं नाव घेतलं न्हवतं, आक्का. माझ्याम्होरं बी न्हाय, माझ्या माघारी बी न्हाय. मला वाटायचं, पोरगं हुतं का न्हवतं.”

मी तिचा दंड आणखी घट्ट धरला.

“दिरानं नदीला नेलं समदं. बायकांनी यायचं न्हाय म्हनाला. त्याच्या आधी मी इवलंसं काढून ठेवलं. ट्रक घिऊन हिकडं यायचा विलास. दर बारीला म्हनायचा, आई, हरिद्वारचं पानी बरफावानी हाय, तुला एकदा पाय बुडवायला न्यायचंय.”

“मग मला का सांगितलं न्हाईस?”

आता तिनं माझ्याकडं बघितलं. “सांगितलं असतं तर गाडीत घेतलं असतंस मला?”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला तू म्हटलं. पाणी दोघींच्या मधनं वाहत होतं. मला खोटं बोलता आलं असतं. पण तिथं उभं राहून, तिच्या मुठीत ते असताना, जीभ रेटेना.

“न्हाय,” मी म्हणाले. “न्हाय घेतलं असतं.”

तिनं मान हलवली. जणू एवढंच तिला ऐकायचं होतं.

“साखळी सोड आन् माझा हात धर,” मी म्हणाले. “मूठ खाली घे.”

“तुमी हात लावू नगा. विटाळ...”

“हात खाली घे म्हनले न्हवं.”

मी एका हातानं साखळी धरली, दंडाला तिला अडकवून घेतली आणि दुसरा हात तिच्या मुठीखाली पाण्यात धरला. तिनं बोटं उघडली. माझ्या तळव्याला क्षणभर काहीतरी खरखरीत लागलं, दोन-तीन खडे असावेत तसं. मग पाणी आलं आणि हात मोकळा झाला. तिनं रडायला पाहिजे होतं. ती रडली नाही. तिनं आधी एक पाय, मग दुसरा पाय थोडा वर करून पुन्हा पाण्यात बुडवला, लहान पोर करतं तसा.

आम्ही पायऱ्या चढून पिंपळाखाली बसलो. ओल्या लुगड्यांचं पाणी दगडावरनं वाहत होतं. मी तिचे हात चोळले.

“तुझं नाव काय गं?” मी विचारलं.

“कुठलं?”

“हाय तेवढी सांग.”

“माहेरी भामा हुते. लग्नात तांदळावर रखमा लिव्हलं. ते काय कुनी घेतलं न्हाय.” तिनं पदर पिळला. “मगाशी ती पार्वती कोन?”

“हुती एक,” मी म्हणाले. “मग मी काय म्हनून हाक मारू आता?”

“भोंग्यात मारलीस ती मार.”

बसपाशी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सगळी गाडी दारात गोळा झाली होती. हौसानं हातातले डबे खाली ठेवले, शेवंता तोंडाला पदर लावून रडायला लागली. पोपटराव म्हणाला, “मावशी, कुठं गेलता? आमचा जीव टांगणीला लावला तुमी. आक्का, काय झालतं?” चाळीस माणसं उत्तराची वाट बघत होती. विलासची आई माझ्यामागं उभी होती. तिच्या हातात रिकामी पिशवी, आणि मान खाली. मी तिला हाताला धरून पुढं घेतली. काय झालं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, ते तिचं होतं. पण तिला मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“चूक तुझीच हाय, विलासची आई. चाळीस वर्सं भिताडाला भिताड लावून ऱ्हायलीस आन् मला भ्यालीस. भ्या घालनारी मी हाय, ते माझं मी बघून घीन. पर हितनं म्होरं जे देऊळ येईल तिथं चपलांपाशी मी बसनार, आन् आत पयली तू जानार.”